उजनीच्या काठी माशांची स्पर्धा? मग बक्षीस कशाचे, ते आधी ठरवा!

टेंभुर्णीच्या चौकात एस.टी.तून उतरले की माणसाला आधी रस्तेच रस्ते दिसतात. पुणे-सोलापूरचा महामार्ग इथून, पंढरपूरकडे जाणारा रस्ता इथून, करमाळा-नगरचा इथून आणि कुर्डुवाडी-बार्शीचाही इथूनच. रस्ते आले की दुकाने आली, आणि दुकाने आली की फलक आले. कुस्त्यांचे मैदान, कबड्डीचे सामने, क्रिकेटचा चषक असा कुठलाही फलक पाहा. खाली खतवाल्याचे, हॉटेलवाल्याचे, मोटारसायकलवाल्याचे नाव असणारच. प्रथम बक्षीस अमुक यांजकडून, ढाल तमुक यांजकडून. आमच्या भीमजयंतीच्या व्याख्यानमालेलाही गावोगावचे दुकानदार वर्गणी देतात. त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. गावात मिळवलेला पैसा चार आण्यांनी का होईना, गावाकडे परत येतो.

पण या भागाचे सर्वांत मोठे मैदान मातीचे नाही, पाण्याचे आहे. माढा तालुक्यातच भीमा नदीवर उजनीचे धरण आहे. १९६९ साली काम सुरू झाले आणि १९८० च्या सुमारास ते पुरे झाले. जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. धरण पूर्ण भरले तर त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते, आणि त्यातले ६३ टीएमसीहून अधिक तर निव्वळ मृतसाठा. उन्हाळ्यात उजनी 'उणे' झाली असे इथली माणसे म्हणतात, ते हा मृतसाठा उपसायला लागल्यावर. अशा वेळी इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे जुने देऊळ पाण्यातून वर येते आणि बुडालेल्या गावांचे म्हातारे आपल्या घराची जागा नातवंडांना बोटाने दाखवतात. (नदी भीमा, धरणाची वसाहत भीमानगर! नावे कुणी कशावरूनही ठेवली असोत, आमच्या कानांना ती गोड लागतात.)

एवढे मोठे पाणी शेजारी असताना उद्या एखाद्या तरुण मंडळाच्या बैठकीत कुणी म्हणाला, 'आपण मासेमारीची स्पर्धा भरवू, गळाने जो सर्वांत मोठा मासा काढील त्याला ढाल आणि रोख रक्कम, खर्च अमुक दुकानदार उचलायला तयार आहे,' तर काय उत्तर द्यायचे? वाचकहो, हा प्रश्न वाटतो तेवढा हलका नाही. पंचशील घेतलेल्या घरांतली मुले त्या बैठकीत बसलेली असणार.

उदान या पाली ग्रंथात एक लहानशी कथा आहे. श्रावस्ती आणि जेतवन यांच्या मधल्या वाटेवर काही पोरे लहान लहान मासे धरून त्यांना छळत होती. भगवान बुद्ध भिक्षेसाठी त्या वाटेने निघाले होते. त्यांनी पोरांना हाकलले नाही की शाप दिला नाही. दुःखाची तुम्हाला भीती वाटते का, दुःख तुम्हाला नकोसे असते का, एवढेच विचारले. पोरांनी हो म्हटले. मग त्यांनी पोरांना सांगितले की असे असेल तर उघडपणे किंवा लपून पापकर्म करू नका. कौटुंबिक पान वाचणाऱ्या आमच्या माताभगिनींनी ही कथा मुलांना जरूर सांगावी.

आता कुणी म्हणेल, मग मासे धरणाऱ्या भोई-कोळी बांधवांचे काय? ते पापी ठरले काय? मुळीच नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना हीच गाठ सोडवली आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत त्यांनी फरक केला. जिथे निव्वळ मारण्याच्या इच्छेखेरीज दुसरे काही नसते, ती हिंसा बुद्धाने वर्ज्य केली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अहिंसा हा त्यांनी नियम मानला नाही, तत्त्व मानले. नियम मोडला की शिक्षा, पण तत्त्व पाळताना माणसाला डोके वापरावे लागते. पहाटे तीन वाजता थंडीत पाण्यात उतरणाऱ्याच्या चुलीवरची भाकरी त्या जाळ्यातूनच येते. ती गरज आहे. आणि खरे सांगायचे तर रविवारी घरात बोंबील-सुकटीचा वास दरवळत असताना आम्ही त्या माणसाला शील शिकवायला जावे, हे आम्हालाच शोभणारे नाही. पण पोट भरलेल्या माणसाने टाळ्या घेण्यासाठी तडफडता जीव तागडीत टाकावा आणि त्याच्या वजनावर ढाल न्यावी, याला गरज कसे म्हणायचे?

पोटासाठी पाण्यावर उतरणारी माणसे कशी जगतात ते एकदा काठावर जाऊन पाहावे. ज्याच्याकडे होडी आहे तो होडीने जातो. ज्याच्याकडे नाही, तो ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून हाताने पाणी मारीत जाळ्यापर्यंत पोचतो. रात्री लावलेले नायलॉनचे जाळे पहाटे उचलायचे, गाळातून ओढायचे, त्यातून चिलापी, कटला, रोहू, मृगळ, एखादी वाम, नशीब असेल तर मरळ सोडवायची आणि ऊन चढण्याआधी माल बर्फात घालायचा. भिगवणचा मासळी बाजार या पाण्यावरच उभा राहिला. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाण्याचा फुगवटा पार पुणे जिल्ह्यात गेलेला, त्यामुळे या मासळीची वाटही पुण्या-मुंबईकडे जाते. जाळे फाटले की नवे घ्यायला पैसा लागतो. तो व्यापारी उचल म्हणून देतो आणि मग मासा त्यालाच द्यावा लागतो, भावही बहुधा तोच ठरवतो. धंदेवाईकाचा 'आधार' म्हणजे काय हे काठावरच्या माणसाला असे रोजच्या रोज कळते. म्हणून फलकावरच्या 'यांच्या सौजन्याने' या शब्दांकडे आम्ही जरा डोळे बारीक करून पाहतो.

या काठावर आणखी एक दुखणे आहे. बारीक आसाची, म्हणजे छोट्या डोळ्यांची जाळी लावून बोटभर पिल्लेसुद्धा ओढून काढणारी वडाप मासेमारी. पिल्लू आज गेले म्हणजे पुढच्या वर्षीचा किलोचा मासा गेला. नुकसान होते ते मोठ्या आसाचे जाळे लावणाऱ्या प्रामाणिक माणसाचे. तेव्हा जो दुकानदार काउंटरखालून बारीक जाळी विकतो, त्यानेच काठावर स्पर्धेचा मांडव घालावा हे आम्हाला चालणार नाही. त्याची वर्गणी मंडळाने हात जोडून परत करावी.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट जिवाची. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून लोक होडीने जातात. धरणाने शेजारची गावे एकमेकांपासून दूर नेली, हा त्याचा अर्थ. याच पाण्यावर आपण पोरांना ढालीच्या लोभाने गळ घेऊन पाठवणार असू, तर प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आहे काय, हे विचारण्याआधी दुसरे काहीही विचारू नये.

इतर ठिकाणी काय चालते? कोकणात मासे गरवण्याच्या स्पर्धा भरतात. मुंबईला पवई तलावावर गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींची जुनी संघटना आहे. उद्योगाने पाण्याला हातभार लावल्याचे आपल्या राज्यातले मोठे उदाहरण लोणावळ्याजवळच्या वळवणचे. टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून तिथे महसीर माशांची पैदास केली आणि पिल्ले ठिकठिकाणच्या पाण्यात सोडायला दिली. काम चांगले आहे, हे मान्य करायला हवे. परंतु १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला तो याच टाटांच्या धरणाविरुद्ध, हेही त्याच वहीत लिहून ठेवावे.

अमेरिकेत तर या स्पर्धांचा मोठा धंदाच झाला. रे स्कॉट नावाच्या विमा विकणाऱ्या गृहस्थाने जून १९६७ मध्ये अर्कान्सा राज्यातल्या बीव्हर लेकवर 'बास' जातीच्या माशांची स्पर्धा भरवली. हे बीव्हर लेकही उजनीसारखे धरणाचेच पाणी. पुढे होड्या बनवणारे, गळ-काठ्या बनवणारे कारखानदार बक्षिसे द्यायला पुढे आले. पण स्कॉटच्या लक्षात आले की दर स्पर्धेला मेलेल्या माशांचे ढीग पडू लागले तर लोकच विरोधात जातील. म्हणून १९७२ पासून मासा जिवंत ठेवून वजन करायचे आणि परत पाण्यात सोडायचे, अशी रीत त्याने पाडली. त्याच्या स्पर्धांत होडी पळवताना लाइफ जॅकेटही सक्तीचे झाले. धंदेवाल्यानेच घालून दिलेली ही शिस्त आपण घेण्यासारखी आहे. मात्र मासा सोडून दिला म्हणजे श्रावस्तीच्या वाटेवरचा प्रश्न सुटतो, असे आम्ही मानत नाही. गळ त्याच्या तोंडात रुतलेला असतोच. आमच्याकडच्या उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात तर दमलेला मासा सोडल्यावर किती वेळ जगेल, याचीही शाश्वती नाही.

मग स्पर्धा नकोच काय? आम्ही तसे म्हणत नाही. पाणी हा आमच्या समाजाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते पाणी कुणाचे हे ठरवण्यासाठी. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्यासारख्या बहुउद्देशीय योजनांना त्यांनी दिशा दिली. धरणाचे पाणी अनेकांच्या अनेक उपयोगी पडावे, हा विचार आमच्या घरातला आहे. उजनीच्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे पुनर्वसन सातबाऱ्यावर मोजले गेले. ज्याचा सातबाराच नव्हता त्या भूमिहीनाच्या वाट्याला काय आले, हे टेंभुर्णी परिसरातल्या आमच्या जुन्या माणसांना विचारा. तेव्हा या पाण्यावर आमच्या पोरांनी उत्सव करावा, हक्काने करावा. फक्त पाचशे रुपये प्रवेश फी ठेवून तळ्याला नवे कुंपण घालू नये.

आम्हाला सुचते ते असे. दुकानदाराने ढालीचे पैसे बाजूला ठेवून आधी जॅकेटे घ्यावीत. जॅकेट अंगावर घालून, पट्टे आवळून, खांद्याला धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर त्या माणसाला ते मोठे होते. लहान मुलांची वेगळी घ्यावीत. स्पर्धा संपल्यावर ती मंडळाच्या कपाटात कुलूपबंद करून ठेवू नयेत, होडीवाल्यांकडे द्यावीत. त्यांवर दुकानाचे नाव छापायचे तर खुशाल छापावे, आमची हरकत नाही. होड्यांची शर्यत ठेवावी. बुडणाऱ्याकडे दोर फेकण्याची स्पर्धा ठेवावी, ती तर पाण्यात न उतरता काठावरसुद्धा होते. फाटलेले जाळे कमी वेळात नीट विणून देणाऱ्या बायाबापड्यांना बक्षीस द्यावे, ते कसब कुणी कधी व्यासपीठावर बोलावून पाहिलेलेच नाही. शाळकरी मुलांसाठी सकाळच्या लिलावात आलेल्या मासळीपुढे 'मासा ओळखा' ठेवावे: कटल्याचे तोंड वर वळलेले, मृगळाचे तोंड लहान आणि खाली, चिलापीच्या पाठीवर काट्यांची रांग. त्यासाठी एकही जीव वेगळा मारावा लागत नाही. परीक्षक पाण्यावर आयुष्य काढलेला एखादा म्हातारा असावा. देणगीदाराचा मेव्हणा नको.

दिवसही विचारपूर्वक निवडावा. पावसाळा हा माशांचा विणीचा काळ, आणि आमचा वर्षावासही त्याच दिवसांत. मेमध्ये वळवाचे वारे कधी उठतील सांगता येत नाही. तेव्हा थंडीचे, वारा पडलेल्या सकाळचे दिवस बरे. धरण खात्याची परवानगी लेखी घ्यावी, पोलीस ठाण्याला कळवावे, आणि वारा सुटला तर मांडवात आमदार बसलेले असले तरी शर्यत थांबवण्याचा अधिकार त्या म्हाताऱ्या परीक्षकाला एकट्याला द्यावा. सकाळी सुरुवातीला विहारातली मंडळी त्रिसरण-पंचशील घेतीलच. त्या वेळी होडीवाल्यांनाही शेजारी बसायला बोलवा.