शत्रूला गप्प करणारी केळ

डोंबिवलीजवळच्या कोपर स्टेशनाबाहेर वसईकडची एक मावशी केळ्यांची टोपली घेऊन बसत असे. वसई-दिवा गाडीने यायची. रमझानमध्ये संध्याकाळी घरी परतताना तिच्याकडून केळी घ्यायची, हा माझा नेम होता. रोजा सोडताना खजुराशेजारी केळ्याच्या दोन फोडी असल्या की आमचे ताट भरते. एकदा मी तिला विचारले, "मावशी, राजेळी दिसत नाहीत हल्ली?" ती म्हणाली, "कुठून दिसणार, भाऊ? निम्म्या बागा बिल्डरने खाल्ल्या, निम्म्या रोगाने."

बिल्डरवर माझ्याकडे औषध नाही. पण रोगाचे काय, हा प्रश्न डोक्यात राहिला. मी कलाशाखेचा पदवीधर, त्यातून कविता लिहिणारा. विज्ञानाशी माझी सोयरीक शाळेतच तुटली. तरी विचारत, वाचत गेलो आणि पोहोचलो ते थेट ट्रॉम्बेला. ठाण्याहून दक्षिणेकडे जाणाऱ्या खाडीच्या काठावर भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या अणुभट्ट्या आपल्याला ठाऊक असतात, पण त्याच आवारात केळीवरही वर्षानुवर्षे संशोधन झाले आहे, हे मला ठाऊक नव्हते. डॉ. टी. आर. गणपती, डॉ. उपेंद्र शेखावत आणि डॉ. सिद्धेश घाग ही त्यातली काही नावे. त्यांनी केळीला शत्रूचे जनुक गप्प करायला शिकवले. कसे, ते समजून घेण्याचा हा प्रयत्न.

आधी केळीचे दुखणे पाहू. आपण खातो त्या केळ्यात बी नसते. जुन्या झाडाच्या कंदाला मुनवे फुटतात, ते काढून लावायचे, की नवी बाग तयार. म्हणजे बागेतली सगळी झाडे एकाच झाडाच्या हुबेहूब प्रती. त्यामुळे फळ सारखे मिळते, पण एक झाड ज्या रोगाला बळी पडते त्याला सगळीच बळी पडतात. गव्हा-तांदळात दोन जातींचा संकर करून रोगाला दाद न देणारे वाण काढता येते. केळीत बीच धरत नाही, म्हणून तो रस्ता फार अवघड. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाच्या बाजारात 'ग्रो मिशेल' नावाच्या केळ्याचे राज्य होते. जमिनीतल्या एका बुरशीने मर रोग आणला आणि १९६०च्या सुमारास ते राज्य संपले. त्या जागी कॅव्हेंडिश गटातली केळी आली. आपल्याकडची बसराई त्याच गटातली. आता त्याच बुरशीचा 'टीआर ४' हा नवा प्रकार कॅव्हेंडिशवरही चालून आला आहे. गेल्या दशकात तो बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळला. जळगावच्या शेतकऱ्याची झोप उडावी अशीच ही गोष्ट आहे, कारण ही बुरशी एकदा जमिनीत शिरली की कित्येक वर्षे मुक्काम हलवत नाही आणि तिच्यावर खात्रीचे औषध नाही.

आता जनुक गप्प करायचे म्हणजे काय? तलाठ्याचे दप्तर डोळ्यांसमोर आणा. मूळ नोंदवही कपाटात असते, ती कोणी बाहेर नेत नाही. कामासाठी तिचा उतारा काढतात आणि पुढची सगळी कामे त्या उताऱ्यावर होतात. पेशीतही असेच चालते. डीएनए ही मूळ नोंदवही, आरएनए हा उतारा. उतारा वाचून पेशी प्रथिने तयार करते. समजा, नोंदवहीला हात न लावता कोणी तो उतारा वाटेतच फाडला, तर? नोंद जागच्या जागी राहील, पण काम होणार नाही. जनुक असेल, पण मुके.

ही युक्ती माणसाने शोधलेली नाही, ती झाडांचीच आहे. तिचा सुगावा लागला तो एका फसलेल्या प्रयोगातून. १९९० साली अमेरिकेत कॅरोलिन नेपोली, रिचर्ड जॉर्गेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटुनियाच्या फुलाचा जांभळा रंग गडद करायचे ठरवले. रंगाच्या जनुकाची जादा प्रत झाडात घातली. फुले गडद व्हायची ती काही झाडांवर चक्क पांढरी उमलली! बाहेरून आलेले जनुक मुके झालेच, पण झाडाचे स्वतःचेही झाले.

असे का व्हावे? आरएनए सहसा एकेरी दोऱ्यासारखा असतो. अनेक विषाणू मात्र स्वतःची संख्या वाढवताना दुहेरी आरएनए तयार करतात. म्हणून पेशीत दुहेरी दोरा दिसला की झाड सावध होते. एक प्रथिन त्या दोऱ्याचे एकवीस ते चोवीस अक्षरांचे बारीक तुकडे करते. पोलीस चौकीत हव्या असलेल्या माणसाचा फोटो लावतात ना, तसा प्रत्येक तुकडा वापरला जातो. दुसरे एक प्रथिन तो फोटो घेऊन पेशीभर फिरते आणि जुळणारा उतारा सापडला की तो कापून टाकते. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ साली एका सूक्ष्म कृमीत दुहेरी आरएनएची ही करामत दाखवली. १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बोलकोम्ब यांनी झाडांत ते बारीक तुकडे प्रत्यक्ष शोधून काढले. २००६चे नोबेल मिळाले फायर आणि मेलो यांना. वनस्पतींवर काम करणारे त्या यादीत नव्हते. झाडांच्या वाट्याला नेहमीचेच!

ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी हीच युक्ती केळीच्या हाती शस्त्र म्हणून दिली. पहिला शत्रू पर्णगुच्छाचा विषाणू. मावा नावाची कीड तो पसरवते. झाडाची पाने शेंड्याशी गुच्छासारखी गोळा होतात आणि घड धरत नाही. हा विषाणू ज्या जनुकाच्या जोरावर स्वतःच्या प्रती काढतो, त्याचाच मजकूर त्यांनी केळीत घातला. पण असा, की त्याचा आरएनए केसातल्या आकड्यासारखा दुमडून दुहेरी व्हावा. केळीने तो पाहिला, त्याचे तुकडे केले आणि शत्रूचा फोटो आधीच तयार ठेवला. मग रोगी मावा त्या झाडांवर सोडला. सहा महिन्यांनंतरही झाडे निरोगी होती. हे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरा शत्रू मर रोगाची बुरशी. हे काम अधिक धाडसाचे, कारण बुरशी काही केळीच्या पेशींचा भाग नव्हे, तो स्वतंत्र जीव. केळीत तयार झालेले तुकडे तिच्या आत जाऊन काम करतील का? डॉ. घाग आणि सहकाऱ्यांनी बुरशीची दोन महत्त्वाची जनुके निवडली आणि 'रस्थाळी' जातीच्या केळीत त्यांच्याविरुद्धचे आकडे बसवले. हेच केळे बंगालमध्ये मर्तमान, बिहारकडे मालभोग म्हणून ओळखले जाते. हरितगृहात त्या झाडांना बुरशीची लागण केली. सहा आठवड्यांनी पाहिले, तर एका जनुकाविरुद्धचे अकरा आणि दुसऱ्याविरुद्धचे बारा वाण रोगाच्या खुणेवाचून उभे होते. त्यांतले प्रत्येकी पाच निवडून पुढे वाढवले, ते आठ महिन्यांनंतरही टिकून होते. २०१४ मध्ये हा निबंध आला. डॉ. घाग पुढे मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातल्या मूलभूत विज्ञान केंद्रात शिकवू लागले. तिथेही केळी आणि तिची बुरशी यांनी त्यांची पाठ सोडलेली नाही.

मग ही केळी बाजारात का नाहीत? हरितगृह म्हणजे शेत नव्हे, हे पहिले कारण. शेतात ऊन, पाऊस, नाना तऱ्हेच्या बुरश्या, सगळेच असते. दुसरे कारण परवानगीचे. फेब्रुवारी २०१०मध्ये बीटी वांग्याची लागवड सरकारने रोखली, आणि कापूस सोडला तर जनुक बदललेले पीक आपल्या शेतकऱ्याच्या शेतात व्यापारी तत्त्वावर उभे राहिलेले नाही. खाणाऱ्याने प्रश्न विचारावेत, हा त्याचा हक्क आहे. बारीक तुकडा चुकून भलत्याच उताऱ्याला जुळला तर, ही शंका रास्तच आहे आणि ती तपासलीच पाहिजे. पण दुसरी बाजूही ऐकावी. या पद्धतीत शत्रूला गप्प करण्यासाठी केळ्यात कोणतेही नवे प्रथिन बनवावे लागत नाही. शिवाय केळ्याला बी नसल्याने बदललेले जनुक शेजारच्या बागेत पसरण्याची भीतीही फार कमी. तपासायचे ते कसून तपासावे, पण न तपासताच फाईल कपाटात ठेवू नये, एवढेच माझ्यासारख्या सामान्य माणसाला वाटते.

आम्हा कवींना वाटते, मौनाचे सामर्थ्य फक्त आम्हालाच कळते. झाडांना ते आमच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. शत्रूला न मारता त्याचा एक शब्द गप्प करायचा, एवढ्यावर ती तगत आली आहेत.

मावशी आता कोपरला दिसत नाही. तिच्या राजेळीवर ट्रॉम्बेत प्रयोग झाला, असे मी म्हणत नाही. पण तिच्या उत्तराच्या दुसऱ्या अर्ध्याला इलाज असू शकतो, हे तिला सांगायचे राहून गेले आहे. पहिल्या अर्ध्याचे उत्तर मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. ते तुम्हाआम्हालाच शोधावे लागेल.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)