श्रवण परीक्षेतील ध्वनितंत्रज्ञान

श्रवण परीक्षेतील ध्वनितंत्रज्ञान म्हणजे भाषा विषयाच्या परीक्षेत परीक्षार्थींना उतारा किंवा संभाषण ऐकविण्यासाठी वापरली जाणारी साधने व पद्धती होत. ध्वनिफीत, सीडी, रेडिओ, शाळेतील ध्वनिक्षेपक, प्रत्येक परीक्षार्थीसाठी स्वतंत्र ध्वनियंत्र आणि संगणकीय ध्वनिफाइल ही त्यांतील प्रमुख साधने आहेत. छापील प्रश्नपत्रिका सर्वांच्या हाती सारखीच पडते. ध्वनी मात्र खोलीचा आकार, यंत्राची स्थिती आणि बाहेरचा गोंगाट यांनुसार बदलतो. त्यामुळे अशा परीक्षेतील यंत्र बदलणे हा केवळ सोयीचा विषय नसून समान संधीचा प्रश्न ठरतो.

ध्वनिफितीपासून ध्वनिफाइलपर्यंत

शिक्षकाने वर्गात उतारा वाचून दाखविणे ही श्रवण परीक्षेची सर्वांत साधी पद्धत होय. तिच्यात वाचकागणिक गती, उच्चार व आवाजाची पट्टी बदलते. ध्वनिमुद्रणामुळे हा भेद दूर झाला. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये छोटी कॅसेट बाजारात आणली आणि शाळांना परवडेल असे साधन उपलब्ध झाले. कॅसेटची फीत सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. हा वेग थोडा बदलला तरी आवाजाची पट्टी वरखाली होते. फीत वाचणारे शीर्ष मळले किंवा किंचित कलले, तर उच्च वारंवारतेचे ध्वनी आधी क्षीण होतात. इंग्रजीतील 'थिंक' आणि 'सिंक' यांसारख्या शब्दांतील भेद प्रामुख्याने अशाच ध्वनींवर अवलंबून असतो. साहजिकच जुन्या यंत्रासमोर बसलेल्या विद्यार्थ्याला तोच प्रश्न अधिक कठीण जातो.

१९८२ मध्ये विक्रीस आलेल्या सीडीत ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने नोंदलेले असतात. त्यामुळे वेगातील चढउतार आणि फितीची खरखर नाहीशी झाली, तसेच हवा तो भाग तत्काळ काढता येऊ लागला. मात्र ओरखडा पडलेली सीडी मध्येच अडखळते किंवा काही शब्द गाळून पुढे जाते. पुढे नव्या संगणकांतून सीडी वाचणारा भागच वगळला जाऊ लागला. ब्रिटनमधील परीक्षा मंडळेही कॅसेट व सीडी असा प्रवास करीत संगणकीय ध्वनिफाइलकडे वळली. या बदलाने मोहोरबंद पाकिटाची जागा सांकेतिक शब्दाने घेतली. म्हणजेच गोपनीयता राखण्याची रीतही बदलली.

ध्वनी पोहोचविण्याच्या पद्धती

मुद्रण कितीही निर्दोष असले, तरी ते परीक्षार्थीच्या कानापर्यंत कसे पोहोचते हे तितकेच महत्त्वाचे असते. याबाबत आशियातील तीन परीक्षांनी भिन्न मार्ग स्वीकारले आहेत.

दक्षिण कोरियातील महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेत इंग्रजीचा श्रवण भाग शाळांतील ध्वनिक्षेपकांवरून ऐकविला जातो. एकाच ध्वनिक्षेपकावर संपूर्ण वर्ग अवलंबून असल्याने बाहेरच्या गोंगाटावर नियंत्रण ठेवणे आवश्यक होते. त्यासाठी दुपारी सुमारे ३५ मिनिटे देशभरातील विमानांची उड्डाणे व अवतरणे थांबविली जातात आणि आकाशात असलेल्या विमानांना ३ किलोमीटरपेक्षा अधिक उंचीवर ठेवले जाते.

हाँगकाँगमध्ये भाषेच्या श्रवण परीक्षेसाठी रेडिओ प्रक्षेपणाचा वापर रूढ झाला. परीक्षार्थी स्वतःचा रेडिओ व इयरफोन घेऊन येतात. सर्वांना एकाच वेळी तेच प्रक्षेपण मिळते. परंतु यंत्राची निवड, बॅटरी आणि केंद्र जुळविणे यांची जबाबदारी विद्यार्थ्यावर पडते. ज्यांना प्रक्षेपण नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी स्वतंत्र खोलीची व्यवस्था असते. काही सभागृहांत अवरक्त किरणांद्वारे ध्वनी पोहोचविण्याची सोयही केलेली आहे.

जपानने विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत जानेवारी २००६ पासून इंग्रजी श्रवणाचा समावेश केला. खोलीनुसार पडणारा फरक टाळण्यासाठी प्रत्येक परीक्षार्थीला स्मृतिपत्र बसविलेले छोटे ध्वनियंत्र आणि इयरफोन दिले गेले. पर्यवेक्षकाच्या सूचनेनंतर विद्यार्थी स्वतः कळ दाबतो. परीक्षेचा कालावधी ६० मिनिटांचा असून त्यातील प्रत्यक्ष श्रवण ३० मिनिटांचे असते; उरलेला वेळ यंत्रवाटप, सूचना आणि आवाजाच्या तपासणीसाठी राखलेला असतो. पहिल्या वर्षी सुमारे ४ लाख ९० हजार परीक्षार्थींपैकी चारशेहून अधिक जणांना यंत्रातील अडचणीमुळे परीक्षा पुन्हा सुरू करून द्यावी लागली. प्रमाण हजारात एकाहून कमी होते. यंत्र अडले की परीक्षार्थीने तत्काळ हात वर करावा आणि जेथे खंड पडला तेथून पुढची परीक्षा त्याच दिवशी द्यावी, अशी तरतूद नियमांतच केलेली होती. २०२१ पासूनच्या नव्या सामायिक परीक्षेत श्रवणाला वाचनाइतकेच, म्हणजे १०० गुण आहेत.

श्रवणदोष असलेले परीक्षार्थी

ध्वनी अधिक स्पष्ट केल्याने सर्वांची अडचण दूर होत नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्या विद्यार्थ्याला कानात बसणारा इयरफोन निरुपयोगी ठरू शकतो. त्याला कान झाकणारा हेडफोन किंवा स्वतंत्र खोलीतील ध्वनिक्षेपक लागतो. जपानमध्ये तीव्र श्रवणदोष असलेल्यांना श्रवण भागातून सूट मिळू शकते.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या भाषा विषयांत श्रवण व भाषण कौशल्यांचे मूल्यमापन शाळास्तरावर होते. मार्च २०१९ च्या परीक्षेत अंतर्गत २० गुण वगळून १०० गुणांची लेखी परीक्षा घेण्यात आली. पुढील वर्षापासून ८० गुण लेखी व २० गुण अंतर्गत ही विभागणी पुन्हा लागू झाली. शाळास्तरावरील या पद्धतीत यंत्रातील बिघाडाचा धोका कमी असतो, परंतु सर्व शाळांतील विद्यार्थ्यांनी एकच उतारा एकाच आवाजात ऐकला, असे म्हणता येत नाही.

बदल करताना घ्यावयाची दक्षता

नवे साधन आल्याने दोष संपत नाहीत, त्यांचे स्थान बदलते. ध्वनिक्षेपक बिघडल्यास संपूर्ण वर्गाचे नुकसान होते, पण ते सर्वांच्या लक्षात येते. वैयक्तिक यंत्र बिघडल्यास एकाच विद्यार्थ्याचे नुकसान होते आणि त्याने सांगितल्याशिवाय ते कोणाला कळत नाही. म्हणून शेवटच्या बाकावर बसून आवाजाची पूर्वतपासणी करणे, राखीव यंत्र व ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत जवळ ठेवणे, विद्यार्थ्यांना सरावासाठी तेच साधन आधी हाताळू देणे आणि खंड पडल्यास काय करावयाचे याचा नियम आधीच जाहीर करणे, या बाबी यंत्राच्या निवडीइतक्याच आवश्यक ठरतात.