वैद्यक शिकणाऱ्यांचे मन

गावातील एखादा मुलगा किंवा मुलगी मेडिकलला लागली, म्हणजे घरोघर पेढे पोचतात. साडेचार वर्षे अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप आणि मग डॉक्टर, एवढा हिशेब आपण मांडतो. त्या वर्षांत त्यांच्या मनाचे काय होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. येथे तेच पाहावयाचे आहे.

२०१६ साली अमेरिकेतील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात जगभरच्या पाहण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. वैद्यकाच्या शेकडा सुमारे २७ विद्यार्थ्यांत नैराश्य वा त्याची लक्षणे आढळली; शेकडा ११ जणांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. परंतु नैराश्याची लक्षणे असलेल्यांपैकी उपचारास गेले होते ते शेकडा १६ च! ज्यांच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसतात, त्यांनीच तिकडे पाठ फिरवावी, हे कसे?

कारण उघड आहे. तो तज्ज्ञ त्यांचा शिक्षक असतो. ओपीडीच्या बाकावर बसावे, तर केसपेपर वर्गमित्राच्या हाती पडण्याची भीती. पुढे ‘हा दुबळा’ असा शिक्का बसेल, ही धास्ती वेगळीच. शिवाय आपल्याकडे एम.बी.बी.एस.ला मनोविकारशास्त्राची स्वतंत्र परीक्षा नाही. ते मेडिसिनच्या पोटात येते. ज्याची परीक्षा नाही ते दुय्यम, हे विद्यार्थी न शिकवताच शिकतो.

त्यात श्रमांची भर. निवासी डॉक्टरांचे काम सामान्यतः दिवसाला १२ तासांहून अधिक नसावे, असे केंद्र सरकारने १९९२ साली सांगितले होते. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचविली. ७४ तास हीच जेथे सुधारणा, तेथे मूळ स्थिती काय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. वॉर्डात पहिला मृत्यू पाहिलेल्या मुलाला दुःख करावयासही उसंत नसते. पुढचा रोगी वाट पाहत असतो.

हा प्रश्न केवळ त्यांच्या घरचा नव्हे. अमेरिकेतील तीन बालरुग्णालयांत केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, नैराश्यग्रस्त निवासी डॉक्टरांकडून औषधांच्या चुका इतरांच्या सहापट झाल्याचे आढळले. म्हणजे त्यांच्या मनःस्वास्थ्यात आपलाही जीव गुंतलेला आहे.

मग करावे काय? परीक्षेशी संबंध नसलेला, कॉलेजबाहेरचा सल्लागार विद्यार्थ्यांना मिळाला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची गुप्तता हा रुग्णाचा हक्कच ठरविला आहे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू आहे.

राहता राहिले आपण. मुलाने ‘झोप लागत नाही, पुस्तक उघडवत नाही’ असे कळविले, तर ‘लोक काय म्हणतील, लग्न कसे जमेल’ हे आधी मनात येते. पाय मोडला असता तर आपण त्याच दिवशी प्लास्टर घातले असते. मनालाही तोच न्याय लावावा. पेढे वाटणाऱ्या घराने एवढे बजावून ठेवावे, की डॉक्टर होण्याआधी रोगी होण्याची वेळ आली, तरी या घराचे दार उघडेच आहे.