मुद्दल राखा, व्याज वाटा

समजा, तुमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी गावातल्या होतकरू मुलांच्या शिक्षणासाठी दोन लाख रुपये जमवले. आता प्रश्न येतो: हे पैसे यंदाच वाटून टाकायचे, की त्यांचा कायम निधी करायचा? ठरवण्यापूर्वी बंगालमधल्या एका जुन्या निधीची हकीकत वाचा.

हुगळीच्या हाजी महंमद मोहसीन यांना सावत्र बहिणीकडून मोठी जमीनदारी मिळाली. १८०६ साली त्यांनी दानपत्र करून ती मिळकत धर्मादाय केली. मिळकत कायम ठेवायची आणि फक्त तिचे उत्पन्न खर्च करायचे, अशी ही व्यवस्था होती. उत्पन्नाचे नऊ भाग ठरले: तीन धार्मिक कार्यासाठी, दोन कारभार पाहणाऱ्या दोघा विश्वस्तांसाठी आणि चार नोकरांचे पगार व निवृत्तिवेतन यांसाठी.

मोहसीन १८१२ मध्ये वारले. पुढे विश्वस्तांनी पैशांची अफरातफर केली, म्हणून सरकारने कारभार हाती घेतला. वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८३५ साली मिटला. तोवर मोठी शिल्लक साठली होती. तिच्यातूनच १८३६ साली हुगळी कॉलेज उघडले. ‘वंदे मातरम्’ लिहिणारे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय याच कॉलेजात शिकले.

पण निधी नेमका कोणासाठी, हा वाद राहिलाच. कॉलेज सर्व धर्मांच्या मुलांना खुले होते, तरी तिथे मुसलमान विद्यार्थी थोडेच होते. दाता मुसलमान असून त्याच्या समाजातल्या मुलांना फारसा लाभ होत नाही, अशी तक्रार होती. शेवटी १८७३ साली हे उत्पन्न मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या आणि मदरशांकडे वळवण्यात आले. ते कॉलेज आजही मोहसीन यांच्या नावाने चालते.

या हकीकतीतून तीन गोष्टी घ्या. मुद्दल शाबूत होते, म्हणून दात्यामागेही निधी टिकला. हिशेबावर देखरेख नव्हती, म्हणून पैसा गळाला. आणि शिक्षणाची मदत कोणाला द्यायची हे दानपत्रात लिहिलेले नव्हते, म्हणून पुढच्या पिढ्या भांडल्या.

आता आपल्या दोन लाखांकडे वळू. बँकेच्या मुदत ठेवीवर वर्षाला ७ टक्के व्याज मिळते असे धरा. वर्षाचे व्याज झाले १४,००० रुपये. ते सगळे दरवर्षी वाटले, तर मुद्दल दोन लाखच राहील, पण महागाई थांबणार नाही. भाव वर्षाला ६ टक्क्यांनी वाढले, तर सुमारे बारा वर्षांत फी आणि वह्या-पुस्तके दुप्पट महाग होतील. म्हणजे १४,००० रुपयांत आजच्या निम्मीच मदत होईल.

यावर उपाय सोपा आहे. ९,००० रुपये वाटा आणि ५,००० मुद्दलात घाला. पुढच्या वर्षी मुद्दल २,०५,००० होईल आणि त्याच दराने व्याज १४,३५० मिळेल. वाढ थोडी दिसते, पण दरवर्षी होते. एवढ्याने महागाई पूर्ण भरून निघत नाही, म्हणून दर वर्षी नवी वर्गणीही मागत राहा.

निधी सुरू करण्यापूर्वी एवढे लिहून ठेवा:

• मदत कोणाला, कशासाठी आणि किती.
• मुद्दलाला हात लावायचा नाही.
• खाते संस्थेच्या नावाचे असावे. पैसे काढताना किमान दोघांच्या सह्या लागाव्यात.
• वर्षातून एकदा जमाखर्च शाळेच्या फलकावर लावायचा. तो तपासणारा माणूस विश्वस्तांपैकी नसावा.
• विश्वस्त संस्थेची रीतसर नोंदणी करा. नियम राज्यागणिक वेगळे आहेत, म्हणून सनदी लेखापालाचा सल्ला घ्या. व्याजावर कर लागेल का, हेही त्यांनाच विचारा.

आणि तुमच्याच मुलाला किंवा मुलीला मदत हवी असेल तर? जवळपासच्या शाळांत, जुन्या विश्वस्त संस्थांत आणि ज्ञातिसंस्थांत चौकशी करा. अनेक ठिकाणी कोणी विचारत नाही म्हणून पैसे पडून राहतात. अर्जाची शेवटची तारीख टिपून घ्या. मागील गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि फीची पावती तयार ठेवा. मिळणारी रक्कम अनुदान आहे की परत करायचे कर्ज, हे सही करण्यापूर्वी विचारा. शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर प्राप्तिकर लागत नाही. मात्र ‘शिष्यवृत्ती मंजूर झाली, आधी एवढे पैसे भरा’ असा फोन आला, तर एक रुपयाही देऊ नका आणि ओटीपी कोणालाही सांगू नका.

दोन लाख एकदाच वाटले, तर एका वर्षाची मुले शिकतील. मुद्दल राखले आणि हिशेब उघडा ठेवला, तर त्या मुलांची मुलेही याच निधीतून शिकतील.