संगणकाचे घड्याळ का चुकते?

मुंबई : १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ या शहराने अनेक दशके सोडली नाही. संगणकातही अशा दोन वेळा नांदतात. एकाच यंत्रावर विंडोज व लिनक्स असल्यास घड्याळ नेमके साडेपाच तास चुकते. विंडोज मदरबोर्डवरील घड्याळ स्थानिक वेळेवर चालवते, लिनक्स बहुधा जागतिक वेळेवर. दिवसाला सेकंद-दोन सेकंदांचा फरक मात्र क्वार्ट्झ स्फटिकाचा. सेकंदाला ३२,७६८ कंपने हा त्याचा ठरलेला वेग तापमानानुसार किंचित ढळतो. यंत्र बंद करताच तारीख मागे जात असेल, तर नाण्याएवढा सेल संपला. लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो. चुकीच्या तारखेमुळे बँकेचे संकेतस्थळही अडते. म्हणून सेल बदलल्यावर इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय सुरू ठेवावी.