सहरीनंतरचे दोन तास

सहरी आटोपते, फज्रची नमाज होते आणि बागवान गल्ली पुन्हा पांघरुणात शिरते. एका घरातला दिवा मात्र चालूच राहतो. फळांचा गाडा लावणाऱ्या बापाची थोरली मुलगी घड्याळ समोर ठेवून 120 प्रश्नांचा सराव पेपर सोडवायला बसते. वेळ दोन तास, परीक्षेत मिळतो तेवढाच. रोजाच्या दिवसांत दुपार कलली की डोके चालत नाही, हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखले आणि अवघड ते सारे पहाटेवर आणून ठेवले. संध्याकाळी गाड्यावर अब्बांना मदत, इफ्तारनंतर घरकाम आणि रात्री झोपण्यापूर्वी फक्त वर्तमानपत्र.

तिला वकील व्हायचे आहे. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी राज्याचा सीईटी कक्ष जी प्रवेश परीक्षा घेतो, ती ती दुसऱ्यांदा देते आहे. पहिल्या खेपेला गुण कमी पडले नव्हते. चुकले ते पुढेच.

निकाल पाहून घरात पेढे वाटले गेले आणि सगळे महाविद्यालयाच्या बोलावण्याची वाट पाहत बसले. तसे बोलावणे कधी येत नसते. परीक्षेचा अर्ज वेगळा आणि प्रवेशाचा वेगळा. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे ‘कॅप’ची, स्वतंत्र नोंदणी करावी लागते. कागदपत्रे अपलोड करायची, त्यांची पडताळणी होऊ द्यायची, महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा आणि मग एकेका फेरीकडे लक्ष ठेवायचे. घराला हे कळले तेव्हा नोंदणीची मुदत संपली होती. मुलीने बीएला नाव घातले. वर्ष गेले ते गेलेच.

शेजारी एक निवृत्त बेलीफ राहतात. उभी नोकरी लोकांच्या दारात समन्स बजावण्यात गेली. त्यांची धाकटी लेकही यंदा याच परीक्षेला बसते आहे. झाला प्रकार ऐकून काका एवढेच म्हणाले, “समन्स मिळूनही माणूस कोर्टात हजर राहिला नाही, तर दावा एकतर्फी चालतो. तुझंही तसंच झालं, पोरी. नोटीस लागली होती, वाचली कुणी नाही.”

ते वाक्य मुलीने मनाला लावून घेतले. आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खुणा आहेत. दर सोमवारी आणि गुरुवारी ती सीईटी कक्षाचे संकेतस्थळ स्वतः उघडून पाहते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखांवर विसंबत नाही. यंदाचा अर्जही नेट कॅफेतल्या माणसाकडून न भरता तिने स्वतः भरला. नावाचे स्पेलिंग आधारवर एक आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे होते. आधी आधार दुरुस्त करून घेतले आणि मगच अर्जाला हात घातला. फायलीत शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला असे सगळे क्रमाने लावले आहे. त्यामागे घरचा हिशोबही आहे. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात 2024-25 पासून पूर्ण माफी आहे. पण ती कॅपमधून प्रवेश घेतला तरच. एक दाखला वेळेवर नसला, तर घरावर पूर्ण फीचा बोजा येतो.

अभ्यासाची वाटणीही तिने गुणांवरून केली आहे. कायदेविषयक कल आणि तर्कशक्ती यांचे प्रत्येकी 32 प्रश्न, सामान्य ज्ञान आणि इंग्रजीचे प्रत्येकी 24, गणिताचे 8. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ‘क्लॅट’ वेगळी. ती फक्त इंग्रजीत होते आणि तिथे चुकीला पाव गुण जातो. सीईटीचा पेपर मराठीतही असतो, हा या दोघींना मोठाच आधार.

पण मराठीचेही दोन रंग आहेत. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेल्या या मुलीला कोर्टातली रोजची मराठी घरचीच वाटते. फिर्याद, जामीन, तहकूब, मुखत्यारपत्र, दस्तऐवज, यातले काहीच तिला नवे नाही. ‘संविदा’, ‘प्रतिफल’, ‘अपकृत्य’ आले की मात्र ती थांबते. काकांच्या लेकीचे नेमके उलटे. मग ही तिला ‘मुखत्यार’ समजावते, ती हिला ‘संविदा’ फोड करून सांगते. दोघींची मिळून एकच वही आहे, आणि ती दोन्ही घरांत आलटून पालटून मुक्कामाला असते.

वहीतला एक प्रश्न दोघींना बराच वेळ पुरला. तत्त्व असे : अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. घटना अशी : सतरा वर्षांच्या मुलाने वय खोटे सांगून हप्त्यावर मोबाईल घेतला आणि हप्ते थकवले. दुकानदाराला करारावर बोट ठेवून हप्ते वसूल करता येतील का? गाड्यावरची उधारी बुडाली की घरात काय होते, हे बागवानाच्या लेकीने पाहिले आहे. तिने दुकानदाराच्या बाजूने उत्तर दिले आणि ते चुकले. या परीक्षेत दिलेल्या तत्त्वाबाहेर जायचे नसते. आपल्याला कुणाची कीव येते हे बाजूला ठेवायला शिकणे, हाच या 32 प्रश्नांचा खरा अभ्यास.

जुन्या बाजारातून आणलेले एक गाईडही दोघींनी परत केले. त्यात खुनासाठी कलम 302 आणि फसवणुकीसाठी 420 होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. आता खुनाच्या शिक्षेला कलम 103 आणि फसवणुकीला 318. स्वस्तातले जुने पुस्तक इथे महागात पडते.

तरावीह आटोपून अब्बा घरी येतात. त्यांना अर्जातले फारसे कळत नाही, पण गेल्या वर्षाची बोच त्यांनाही आहे. चप्पल काढता काढता ते रोज विचारतात, “आज काही लागलं का गं?”

मुलगी मोबाईल उघडून दाखवते. “अजून नाही अब्बा. पण मी पाहिलंय.”

आणि कॅलेंडरवरच्या त्या दिवसावर बरोबरची खूण करते.