स्वयंचालक बंद केल्यानंतर

उड्डाणानंतर लगेच ऑटोपायलट अर्थात स्वयंचालक बिघडल्यास तो प्रथम बंद करावा, विमान स्वहस्ते सावरावे व मगच कारण शोधावे, हा सर्वमान्य नियम होय. परंतु स्वयंचालक बंद केल्याने विमानातील प्रत्येक स्वयंचलित यंत्रणा थांबते, असे मात्र नव्हे.

या दृष्टीने इंडोनेशियातील लायन एअरच्या एका बोइंग ७३७ मॅक्स विमानाचे उदाहरण उद्बोधक आहे. त्यातील ‘एमकॅस’ ही यंत्रणा स्वयंचालक बंद असतानाच कार्य करी. समोरील वायुप्रवाहाशी विमानाचा होणारा कोन मोजणारे डावे उपकरण सुमारे २१ अंश अधिक दाखवीत होते. त्यामुळे ही यंत्रणा शेपटीचे आडवे पाते फिरवून विमानाचे नाक वारंवार खाली लोटू लागली. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी देनपसारहून निघाल्यावर हा प्रकार घडला, तेव्हा वैमानिकांनी पाते फिरविणाऱ्या मोटारीचा विद्युत्प्रवाह तोडला, हातचाकाने समतोल राखला व विमान जकार्ताला सुखरूप उतरविले.

या उपायाचा उल्लेख मात्र विमानाच्या नोंदवहीत झाला नाही. शिवाय ‘एमकॅस’ची माहिती वैमानिकांना देण्यात आलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच विमानाने जकार्ता सोडले. या खेपेच्या वैमानिकांनी तो प्रवाह तोडला नाही. विमान समुद्रात कोसळून त्यातील सर्व १८९ जण मृत्युमुखी पडले.

तात्पर्य, केवळ कळ दाबण्याची तत्परता पुरेशी नाही. विमानाचे नियंत्रण कोणत्या यंत्रणेच्या हाती आहे याचे ज्ञान, आणि सापडलेल्या उपायाची चोख नोंद, या दोहोंवर पुढील प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात.